मोटारीची बाराखडी



डोंबिवलीच्या माणसापुढें ‘इंडिकेटर’ हा शब्द उच्चारला कीं, त्याची मान आपोआप वर होते. फलाटाच्या छपराखालीं टांगलेली ती पाटी, तिजवरील गाडीचें अक्षर, गाडी जलद कीं धिमी हें सांगणारी खूण आणि उरलेल्या मिनिटांचा आंकडा, एवढ्या भांडवलावर आमच्याकडील लाखों माणसें रोज आपला दिवस रचीत असतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रदेशांत अक्षरओळख नसलेला मनुष्य एक वेळ सांपडेल. परंतु ही पाटी वाचतां न येणारा सांपडणार नाहीं. मीही तिच्याच खालीं उभा राहून म्हातारा झालों. पण वयाच्या बासष्टाव्या वर्षीं मोटार हांकावयास शिकण्याचा योग आला, तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, इंडिकेटर म्हणून दुसरीही एक वस्तु जगांत आहे आणि तिची लिपि मला मुळींच अवगत नाहीं. त्या लिपीविषयीं चार शब्द आज आपणांपुढें बोलावयाचे आहेत. मी कोणी यंत्रविद्येचा पंडित नव्हें. जिल्हा परिषदेच्या शाळेंत पस्तीस वर्षें मुलांकडून बाराखडी घोटवून घेणारा मी एक मॅट्रिक झालेला मास्तर आहें. मोटारीकडेही मीं त्याच दृष्टीनें पाहिलें.

योग आला तो असा. माझा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. त्यानें नवी गाडी घेतली आणि जुनी, लहानशी, आमच्या इमारतीच्या फाटकांत आणून उभी केली. आमच्या मंडळींचे गुडघे दुखावल्यामुळें रेल्वेचा जिना त्यांना अवघड झाला होता आणि रिक्षांतून खड्ड्यांचे धक्के सोसणें त्याहून अवघड. “अण्णा, तुम्ही शिकाच,” असें मुलानें बजावलें. २०१९ च्या जानेवारींत मी शिकवणीला जाऊं लागलों. शिकविणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. तिसरींत असतांना त्याचे कान मीं पुष्कळदां पिळले होते. त्यानें त्याचा सूड उगविला नाहीं, एवढें कृतज्ञतापूर्वक सांगितलें पाहिजे. “गुरुजी, क्लच हळू सोडा,” यापलीकडे कठोर शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं. परंतु किल्ली फिरवितांच समोरच्या डॅशबोर्डवर जे सातआठ दिवे लागत, त्यांविषयीं मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “ते असू द्यात गुरुजी, ते आपोआप विझतात.”

ते आपोआप विझतात हें खरें. पण ते मुळांत लागतात कां? ती त्यांची हजेरी होय. किल्ली फिरविली कीं यंत्र प्रत्येक दिव्यास नांवानें हांक मारतें आणि प्रत्येक दिवा उभा राहून ‘हजर’ म्हणतो. अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांचा दिवा, चाकें घसरूं न देणाऱ्या ब्रेकचा दिवा, हे दोनचार सेकंदांत खालीं बसतात. तेलाचा व बॅटरीचा हे दोघे इंजिन सुरू होईपर्यंत उभेच राहतात. म्हणून किल्ली फिरविल्यावर क्षणभर थांबावें आणि पाहावें. विझावयाचा तो विझला नाहीं तर कांहीं तरी दोष आहे, हें कोणीही सांगेल. परंतु लागावयाचा तो लागलाच नाहीं, तरीही दोषच आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. गैरहजर मुलगा वर्गांत गडबड करीत नाहीं, म्हणून तो सुधारला असें आपण समजतों काय? जुनी गाडी विकत घेतांना तर ही हजेरी अवश्य घ्यावी. ग्राहकाच्या नजरेस पडूं नये म्हणून लाल दिवाच काढून टाकणारे महाभागही या जगांत असतात.

दिव्यांचे रंग सहसा शिकवावे लागत नाहींत. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लवकरच लक्ष घाला, हिरवा म्हणजे अमुक एक वस्तु चालू आहे, आणि निळा म्हणजे पुढील दिव्यांचा झोत उंच लागला आहे. चित्रेंही साऱ्या जगांत बहुतेक एकच आहेत, कारण त्यांकरितां ‘आयएसओ २५७५’ या क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेला आहे. त्यामुळें जपानी गाडींतली तेलाची झारी आणि जर्मन गाडींतली तेलाची झारी सारखीच दिसते. येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून आमच्या ठाण्यास पहिली आगगाडी आली. त्या काळीं आगगाडीच्या माहेरीं, इंग्लंडांत, ‘मार्ग मोकळा’ याची रात्रीची खूण पांढरा दिवा ही होती आणि हिरवा दिवा म्हणजे सावधान. पुढें अनुभव असा आला कीं, लाल कांच फुटली तर आंतला दिवा पांढरा दिसतो आणि ‘थांबा’ याचा अर्थ नेमका ‘चला’ असा होतो. तेव्हां पांढऱ्यास रजा मिळाली आणि मोकळ्या मार्गाचा अधिकार हिरव्याकडे आला. एकाच दिव्याचे दोन अर्थ निघाले कीं काय होतें, याची ही जुनी साक्ष आहे. तिच्याकडे मी शेवटीं पुन्हां येणार आहें.

आतां त्या झारीविषयीं. २०१९ च्याच मे महिन्यांत एका दुपारीं मी शिळफाट्याकडून डोंबिवलीस परत येत होतों. कल्याण-शीळ रस्त्यावर नेहमींची गर्दी होती. डॅशबोर्डवर झारीचें चित्र असलेला एक लहानसा लाल दिवा वळणावर लागे आणि सरळ रस्त्यास विझे. मीं मनांत म्हटलें, तेल जरा कमी झालें असेल, घरीं गेल्यावर पाहूं. काटई नाक्याच्या पुढें तो विझेनासा झाला. भर रस्त्यांत गाडी उभी केली तर मागचे लोक ओरडतील, ही मला धास्ती. शिवाय शिष्याचें वचन आठवत होतें कीं, ते आपोआप विझतात. मानपाड्याच्या चौकापाशीं इंजिनाच्या पोटांत कोणी हातोडी मारीत असावें तसा आवाज येऊं लागला. इंजिन जें बंद पडलें तें पुन्हां सुरू झालें नाहीं.

गॅरेजवाल्यानें खालचें बूच उघडलें, तेव्हां जेमतेम कपभर तेल निघालें. “गुरुजी, दिवा लागला तिथेच बंद केली असती तर तेलाच्या एका डब्यावर भागलं असतं,” तो म्हणाला. त्यानें मला जें समजाविलें, तेंच आपणांस सांगतों. झारीचा लाल दिवा तेल किती उरलें हें सांगत नाहीं. तेलाचा दाब पडला, हें सांगतो. पंप तेलाला दाबानें सांध्यासांध्यांत पोंचवितो आणि लोखंडावर लोखंड घासूं न देणारा तेलाचा पातळ थर त्या दाबावरच टिकून असतो. तेल तळास गेलें म्हणजे वळणावर तें एका अंगास कलतें, पंपाच्या तोंडांत हवा जाते आणि दिवा क्षणभर लागतो. तो क्षणभर लागणारा दिवा ही माझी पहिली सूचना होती. अखंड लागला, ती शेवटची. त्यापुढें इंजिनाचें आयुष्य मिनिटांवर मोजावें. घर पुढच्याच गल्लींत असलें तरी अशा वेळीं गाडी कडेस घेऊन इंजिन बंद करावें. दुरुस्तीस माझें दोन महिन्यांचें निवृत्तिवेतन गेलें. मुलास दूरध्वनीवरून हें सांगतांना माझ्या तोंडून शब्द निघेना. तो एवढेंच म्हणाला, “अण्णा, तुम्हाला काही झालं नाही ना?” तो रागावला असता तर मला पुष्कळ बरें वाटलें असतें.

त्या दिवसापासून मीं गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक पाठ्यपुस्तकासारखें वाचण्यास आरंभ केला. बहुतेक घरांतून हें पुस्तक देव्हाऱ्यांतील गंगेच्या गडूप्रमाणें सीलबंद राहतें, अंतकाळींच उघडावयाचें! त्यांतील सारें सांगत बसलों तर रात्र पुरणार नाहीं. दोनचार गोष्टी मात्र सांगतों. वर्तुळांत उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा हातब्रेक ओढलेला असल्याची आठवण देतो. पण हातब्रेक सोडल्यावरही तो राहिला, तर ब्रेकचें द्रव कमी झालें असण्याचा संभव असतो, आणि मग गाडी पुढें नेऊं नये. पाण्यांत बुडविलेल्या तापमापकाचें चित्र निळें असेल तर इंजिन अजून गार आहे. लाल झालें तर तें तापलें आहे. अशा वेळीं गाडी थांबवावी, पण रेडिएटरचें झाकण लागलीच उघडूं नये, आंतलें उकळतें पाणी अंगावर येतें. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर एकदोन दिवसांत दाखवून आणावें. उघडझांप करीत असेल तर वेग कमी करून लवकर थांबावें. पेट्रोलच्या कांट्याशेजारीं पंपाचें चित्र असतें व त्याला लागून एक इवलासा बाण असतो. टांकीचें झाकण गाडीच्या ज्या अंगास, त्या अंगास तो रोखलेला. हें कळेपर्यंत मी पंपावर तीनदां उलट्या बाजूस उभा राहिलों होतों. १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या मोटारींत तर वेग ताशीं ८० किलोमीटरपलीकडे गेला कीं गाडी अधूनमधून टुकटुक करते, आणि १२० च्या पुढें अखंड. आमच्या घोडबंदर रस्त्यावर तिला तोंड उघडण्याची संधि क्वचितच मिळते, ही गोष्ट निराळी.

दिव्यांइतकेंच महत्त्व बटनांना आहे, हें मला पावसाळ्यानें शिकविलें. पुढच्या वर्षीं जुलैंतल्या एका रात्रीं मंडळींना ठाण्यास रुग्णालयांत न्यावयाचें होतें. मुंब्रा बायपासवर मोठ्या मालमोटारींच्या मधोमध आमची लहानशी गाडी, वर धो-धो पाऊस, आणि अकस्मात् समोरची कांच दुधासारखी पांढरी झाली. वायपर वेगानें चालवूनही उपयोग होईना. मीं रुमालानें पुसलें, तों एका श्वासांत पुन्हां तसेंच. मंडळी शेजारीं कण्हत होत्या आणि मी एकेक बटन चांचपडत होतों. कसाबसा कडेस थांबलों.

कारण अगदीं साधें, चौथीच्या विज्ञानांतलें. पाऊस आंत येऊं नये म्हणून आपण कांचा बंद करतों. आंत दोन माणसांचे श्वास आणि ओलीं वस्त्रें. ती ओली हवा गार कांचेस लागली कीं दंव धरतें. ज्या बटनावर मोटारीचें चित्र आणि तिच्या आंत वळलेला बाण असतो, तें चालू असेल तर तीच ओली हवा पुनः पुनः फिरत राहते. माझें तें चालू होतें. तें बंद करून बाहेरची हवा घ्यावी, वातानुकूलन यंत्र चालू करावें, आणि पंख्यासारख्या आकारांत वर जाणारे वांकडे बाण ज्या बटनावर आहेत, तें दाबून वारा समोरच्या कांचेवर सोडावा. वातानुकूलन यंत्र हवा केवळ गार करतें असा आपला समज असतो; वस्तुतः तें हवेंतलें पाणीही गाळून बाहेर टाकतें, म्हणून थंडी वाजत असली तरी तें चालू ठेवावें. मात्र आपल्या कोंकणच्या दमट हवेंत कधीं कधीं उलटाच प्रकार होतो. कांच आंतून अति गार झाली तर दंव बाहेरच्या बाजूस धरतें. बोट फिरवून पाहावें. आंतून पुसलें गेलें नाहीं तर तें बाहेरचें, आणि त्यावर वायपर हाच उपाय. चौकोनांतून निघणारे बाण मागच्या कांचेचे. हीं बटनें उजेडांत, उभ्या गाडींत, डोळे मिटूनही सांपडतील इतकीं हातांत बसवावीं.

येथवर गाडी आपल्याशीं काय बोलते तें पाहिलें. आतां आपण इतरांशीं काय बोलतों तें पाहूं. डोंबिवलीस मोटारींचें अगदींच वावडें नव्हतें. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर कंपनीचा कारखाना होता आणि १९९० नंतरच्या दशकांत तेथें प्युजो ३०९ या गाड्या तयार होत. आतां प्रीमियरचें नांव तेथील मैदानाच्या रूपानें लोकांच्या तोंडीं राहिलें आहे. परंतु त्या काळीं गाड्या थोड्या, आणि खुणा हातानें केल्या तरी चालत असे. हाताच्या या खुणा १९८९ च्या रहदारीच्या नियमांत नेमून दिलेल्या होत्या. उजवा हात बाहेर आडवा धरला तर उजवीकडे वळणार. तोच हात घड्याळाच्या उलट दिशेनें फिरविला तर डावीकडे. वरखालीं हालविला तर वेग कमी करीत आहें. उभा धरला तर थांबत आहें. आणि मागून पुढें झुलविला तर, मागील गृहस्थहो, आपण पुढें जावें. हाताला असे पांच शब्द येत. कांहीं जुन्या गाड्यांच्या अंगांतून आगगाडीच्या सिग्नलसारखा लहानसा हात बाहेर पडत असे. त्याच्या जागीं लुकलुकणारे दिवे आले. वातानुकूलनाबरोबर कांचा बंद झाल्या आणि हात आंत गेला. थांबण्याचा शब्द मागच्या लाल दिव्यानें उचलला. परंतु लुकलुकणाऱ्या दिव्याला उजवें आणि डावें असे दोनच शब्द येतात. ‘पुढें जा’ हा पांचवा शब्द निराधार झाला, आणि माझा तर्क असा आहे कीं, हमरस्त्यावरील मालमोटारवाल्यांनीं तो उजव्या दिव्याच्याच गळ्यांत बांधला. या दुसऱ्या अर्थास कायद्याचा आधार नाहीं. रूढीचा मात्र आहे.

रिक्षावाल्यांचें व्याकरण याहून स्वतंत्र. तेथें डावा पाय बाहेर आला कीं डावीकडे वळण समजावें. त्यांत निदान दुसरा अर्थ निघत नाहीं.

चारही दिवे एकदम लुकलुकविणारें लाल त्रिकोणाचें बटन उभ्या राहिलेल्या, बिघडलेल्या गाडीकरितां आहे. आमच्याकडे लोक चौकांत सरळ जावयाचें असलें कीं तें दाबतात! आतां विचार करा: डावीकडल्या रस्त्यानें येणाऱ्यास आपल्या गाडीचा डावा दिवा तेवढा दिसतो, तो म्हणतो ही डावीकडे वळणार, उजवीकडल्यास उजवा दिसतो, तो म्हणतो इकडे वळणार. सरळ जावयाचें तर कोणतीही खूण न करणें हीच खूण. माळशेज घाटांतील धुक्यांतही चालत्या गाडीचे चारही दिवे लावले तर वळणाची खूण त्यांत बुडून जाते. धुक्यांत पुढचे दिवे खालच्या झोतावर ठेवावे. मागें धुक्याचा लाल दिवा असेल तर तो लावावा आणि धुकें सरतांच विझवावा, कारण स्वच्छ हवेंत तो मागच्याच्या डोळ्यांत जातो. निळ्या दिव्याचेंही तसेंच. भिवंडीकडून कल्याणला रात्रीं येतांना समोरून येणारे दहांपैकीं किती जण झोत खालीं करतात, हें ज्याचें त्यानें मोजावें. पूर्वी आपल्या लोकांत एक फार गोड चाल होती: दिवसा कोणाच्या दुचाकीचा दिवा चुकून लागलेला दिसला कीं, समोरून येणारा अनोळखी मनुष्य बोटें उघडझांप करून त्याला सांगत असे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे इंजिनाबरोबर आपोआप लागतात, तेव्हां त्या खुणेचें काम संपलें. तरी अजून एखादा वृद्ध गृहस्थ ती करतो, आणि तरुण मुलें हंसतात.

दांडीचेंही एक सांगून टाकतों. जपानी वळणाच्या गाड्यांत वळणाच्या खुणेची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, युरोपीय वळणाच्या गाड्यांत डावीकडे. मुलाच्या नव्या गाडींत बसून मीं पहिल्याच नाक्यावर, आकाश निरभ्र असतां, वायपर चालू केला. हंसण्यावारी गेलें; पण मागच्या माणसास माझें वळण कळलें नव्हतें. दुसऱ्याची गाडी घेतली तर निघण्यापूर्वीं दोन्ही दांड्या एकदां हालवून पाहाव्या.

आतां मघांशीं राहिलेली गोष्ट. २००८ सालीं, मीं मोटारीस हातही लावला नव्हता तेव्हां, माझे मेहुणे आणि मी स्कूटरवरून कल्याणहून पडघ्याकडे चाललों होतों. पुढें मालमोटार, धूळ, आणि तिचा उजवा दिवा लुकलुकत होता. मेहुणे थबकले. मीं मागून त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलें, “अहो, त्यानें वाट दिली आहे, चला!” ते निघाले. मालमोटार खडीच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटेला उजवीकडे वळली. तिच्या चालकाचा कांहींच दोष नव्हता. त्यानें खूण शब्दशः खरी केली होती. मला खरचटलें. मेहुण्यांचा पाय तीन ठिकाणीं मोडला आणि ते आजतागाईत लंगडतात. त्यांनीं मला एका शब्दानेंही विचारलें नाहीं, आणि मींही तो विषय कधीं काढला नाहीं.

गेल्या दिवाळीपूर्वीं त्यांना पडघ्यास सोडण्याकरितां मी त्याच रस्त्यानें निघालों. ते शेजारीं बसले होते. पुढें एक मालमोटार होती. रस्ता समोर मोकळा दिसत होता, आणि तिचा उजवा दिवा लुकलुकूं लागला. मागच्यांनीं भोंगे वाजविण्यास आरंभ केला. मेहुणे कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फक्त माझ्या मनगटावर हात ठेवला. मी पाय ब्रेकवर घेऊन मागें राहिलों. एक फांटा गेला, दुसरा गेला. मालमोटार कोठेंही वळली नाहीं. चालक ती खूण बंद करावयास विसरला असावा. पडघा येईपर्यंत तो दिवा तसाच लुकलुकत होता आणि आम्ही दोघे त्याच्या मागें, भोंग्यांचा गजर ऐकत, सावकाश चाललों होतों.